स्टॅक उलगडण्याआधीचा पंचनामा

मित्रहो, इंटरप्रिटर (एखाद्या भाषेतला प्रोग्रॅम वाचून चालवणारा प्रोग्रॅम) लिहायला घेणारे बहुतेक जण लेक्सर आणि पार्सर या मजकूर शब्दांत आणि वाक्यरचनेत फोडणाऱ्या भागांमध्ये महिनोन्‌महिने रमतात आणि प्रोग्रॅम चुकला तर काय करायचे, हा प्रश्न अगदी शेवटाला ठेवतात. हा क्रम चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चूक घडते त्या क्षणी हाताशी असलेली माहिती पुढच्याच क्षणी नाहीशी होते आणि ती टिपण्याची सोय मूळ आराखड्यात नसेल, तर ती मागाहून बसवणे फार जड जाते. उदाहरणासाठी मी लुआ ही भाषा घेतो. १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात ती जन्माला आली. तिचा इंटरप्रिटर सी भाषेत लिहिलेला आहे आणि चिकाटीने बसल्यास एकट्याने वाचून काढता येईल इतका आटोपशीर आहे.

लुआमध्ये चूक पकडण्यासाठी वेगळी वाक्यरचनाच नाही. ‘एरर’ हे फंक्शन चूक उपस्थित करते, ‘पीकॉल’ त्याला दिलेले फंक्शन संरक्षण देऊन चालवते, म्हणजे आतली चूक तिथेच पकडते, आणि दोन्ही बिल्ट-इन आहेत. आत सीमधील सेटजंप या सोयीने परतीची जागा नोंदवलेली असते. चूक झाली की तिची जोडीदार लाँगजंप थेट तिथे उडी घेते आणि मधल्या सर्व कॉलच्या फ्रेम, म्हणजे स्टॅक नावाच्या चळतीवर रचलेल्या त्यांच्या नोंदी, टाकून दिल्या जातात. खरी गोम इथेच आहे. पीकॉल परत आल्यावर ट्रेसबॅक (चुकीपर्यंतच्या कॉलची यादी) मागितला, तर स्टॅक केव्हाच उलगडलेला असतो. मी लिहिलेल्या पहिल्या इंटरप्रिटरमध्ये नेमके हेच झाले होते: ट्रेसबॅकमध्ये नेहमी एकच ओळ यायची, आणि मी दोन दिवस ट्रेसबॅकच्या कोडमध्ये दोष शोधत होतो. तो कोड बरोबर होता, फक्त उशिरा चालत होता.

अपघात झाला की वाहने हलवण्याआधी पंचनामा होतो, तसे काम ‘एक्सपीकॉल’ करते. त्याला सोबत एक हँडलर (चूक झाल्यावर चालवायचे फंक्शन) द्यायचा असतो आणि तो हँडलर उडी घेण्याआधी, म्हणजे चुकीची फ्रेम अजून स्टॅकवर शाबूत असताना चालतो. म्हणून त्यात ‘डीबग.ट्रेसबॅक’ला बोलावले की कोणी कोणाला बोलावले याची पूर्ण साखळी मिळते. अमर्याद रिकर्शनमध्ये, म्हणजे फंक्शन स्वतःलाच बोलावत राहिले तर, ही साखळी हजारो ओळींची होईल, हे ओळखून लुआच्या अलीकडच्या आवृत्त्या पहिले १० आणि शेवटचे ११ स्तर छापतात आणि मधले गाळतात.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र संदेशातील नावाचा आहे. समजा, ‘ग्राहक.पत्ता.पिन’ असे लिहिले आहे आणि पत्ता निल आहे, म्हणजे तिथे काहीच मूल्य नाही. लुआ नुसते ‘निल आढळले’ असे सांगत नाही, तर ‘पत्ता’ या फील्डचे मूल्य निल आहे, असे नावानिशी सांगते. वास्तविक चूक होते तेव्हा व्हर्च्युअल मशीनपुढे (सूचना प्रत्यक्ष चालवणाऱ्या इंटरप्रिटरच्या भागापुढे) फक्त एक रजिस्टर, म्हणजे मूल्य ठेवण्याचा क्रमांकित कप्पा, असते आणि त्यातल्या मूल्याला नाव नसते. अशा वेळी इंटरप्रिटर त्या फंक्शनचा बाइटकोड (प्रोग्रॅमचे सूचनांमध्ये केलेले रूपांतर) सुरुवातीपासून चुकीच्या जागेपर्यंत पुन्हा वाचतो, त्या रजिस्टरमध्ये शेवटचे मूल्य कोणत्या सूचनेने ठेवले ते शोधतो, आणि ती फील्ड वाचणारी सूचना असेल तर तिच्यातील किल्लीवरून नाव काढतो. सुरळीत चाललेल्या प्रोग्रॅमला या सोयीसाठी वेगाची काहीच किंमत मोजावी लागत नाही. मध्ये अटीची उडी असल्यामुळे मूल्य नक्की कुठून आले याची खात्री नसेल, तर नाव सांगितलेच जात नाही. हा संयम मला फार योग्य वाटतो, कारण चुकीचे नाव सांगणारा संदेश वाचणाऱ्याला भलत्याच वाटेला लावतो.

‘एरर’ला मिळणारा दुसरा आर्ग्युमेंट, म्हणजे चूक कोणत्या स्तरावरच्या ओळीत दाखवायची हे सांगणारा आकडा, हाही असाच विचारपूर्वक ठेवलेला आहे. व्याज काढणाऱ्या फंक्शनला कोणी ऋण रक्कम दिली, तर दोष त्या फंक्शनचा नसून त्याला बोलावणाऱ्याचा असतो. स्तर २ दिला की संदेशात बोलावणाऱ्याच्या ओळीचा क्रमांक येतो. लायब्ररी लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही सवय लावून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

शेवटी मेमरी संपण्याच्या चुकीबद्दल. ‘मेमरी अपुरी’ हा संदेश त्या वेळी तयार करायचा, तर त्या स्ट्रिंगसाठीच (संदेशाच्या मजकुरासाठीच) मेमरी लागेल. म्हणून लुआ सुरू होतानाच ती स्ट्रिंग तयार करून ठेवते आणि वापरात नसलेली मेमरी मोकळी करणाऱ्या गार्बेज कलेक्टरने ती उचलू नये अशी तजवीज करते. या एका चुकीच्या वेळी हँडलरलाही बोलावले जात नाही, कारण पंचनामा लिहायलासुद्धा मेमरी लागते आणि ती उरलेली नसते.