चिंचोक्यांची बरणी

सगळ्यांना नमस्कार. मागं दाराशी उभे आहात ते पुढं या, सतरंजीवर जागा आहे, आणि मुलं इकडंतिकडं पळतायत म्हणून कुणी ओशाळं होऊ नका, इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरात हेच आहे. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही अशा मुलांसोबत सांगलीत काम करून मला चौदा वर्षं झाली. तासगाव, जत, अगदी आटपाडीपासून लोक एसटीनं मुलाला घेऊन येतात आणि पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, मॅडम याला तुम्हीच काहीतरी सांगा, आमचं ऐकत नाही.

सुरुवातीची तीन-चार वर्षं मी पण तेच करायचे. मुलाला आत घ्यायचं, आई बाहेर बाकड्यावर, पाऊण तास मूल माझ्यापुढं शहाण्यासारखं वागायचं, मला वाटायचं जमतंय. पुढच्या गुरुवारी आई सांगायची, घरी काहीच फरक नाही. फार लागायचं मला ते. रसेल बार्कली म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी हे नीट मांडलंय, की एडीएचडीच्या मुलाला काय करायचं ते बहुतेक वेळा माहीत असतं, अडतं ते ऐन वेळी करण्यात. मग मदत पण ऐन वेळी, त्या जागीच मिळायला पाहिजे ना. माझ्या खोलीत संध्याकाळी पाचला शिकलेलं सकाळी सातला रिक्षावाला हॉर्न मारत असताना त्याला कसं आठवणार. म्हणून आता मी आधी आईवडलांना आत घेते, आजी आली असेल तर आजीला पण. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या २०१९च्या गाइडलाइनमध्ये सुद्धा सहा वर्षांच्या आतल्या मुलांसाठी पहिला उपचार पालकांचं ट्रेनिंग हाच आहे.

तासगावकडची एक आई सांगते. द्राक्षाची बाग, ऑक्टोबर छाटणी चालू, नवरा रात्री उशिरा घरी. पोरगं आठ वर्षांचं. ही भाकरी थापता थापता ओरडायची, डबा काढ, बाटली धू, हातपाय धुवून ये आणि वही घेऊन बस. पोरगं दप्तरापर्यंत जायचं, आत खोडरबराचा तुकडा सापडायचा, त्याची गाडी व्हायची, दहा मिनिटांनी पाठीत धपाटा. रोज. ती माझ्यासमोर रडली, म्हणाली मला मारायचं नसतं हो.

आम्ही एवढंच बदललं. तव्याखालचा गॅस बंद करायचा, त्याच्याजवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्यानं बघितलं की एकच वाक्य, डबा ओट्यावर ठेव. मग गप्प राहायचं. हे गप्प राहणं सगळ्यात अवघड आहे, करून बघा. त्यानं डबा ठेवला की त्याच क्षणी, सांगितल्यावर लगेच डबा ठेवलास बघ, असं म्हणायचं आणि एक चिंचोका काचेच्या बरणीत. दहा झाले की रात्री काय भाजी करायची ते तो ठरवणार. या मुलांना लांबचं बक्षीस पोचत नाही, वार्षिक परीक्षेनंतर सायकल देतो हे त्यांच्यासाठी पुढच्या जन्मीचं असतं, बक्षीस लगेच दिसलं पाहिजे, वाजलं पाहिजे. चिंचोका बरणीत पडला की टक्कन वाजतो. आणि एक, मिळवलेला चिंचोका रागाच्या भरात परत काढून घेऊ नका, तो त्याच्या कष्टाचा आहे. तीन आठवड्यांनी ती बाई बरणी पिशवीत घालून मला दाखवायला आली होती. दोन महिन्यांनी त्याला चिंचोक्यांचा कंटाळा आला, येतोच, मग गोट्या आणल्या.

आता गोळीचं. बाहेर भेटून सगळे दबक्या आवाजात हेच विचारतात म्हणून इथंच बोलते. मी डॉक्टर नाही, गोळी मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञच देणार, पण घाबरून नाही म्हणू नका. मिथाइलफेनिडेट ही एडीएचडीची गोळी, ती मेंदूतली डोपामिन आणि नॉरएड्रेनलिन ही रसायनं वाढवते, साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो, भूक कमी होते म्हणून आधी पोटभर नाश्ता द्या, वजन-उंची-बीपी डॉक्टरांकडून बघून घेत राहा. अमेरिकेत ५७९ मुलांवर चौदा महिने एक मोठा अभ्यास झाला, १९९९मध्ये छापून आला, त्यात चंचलपणा आणि लक्ष न लागणं यावर नीट देखरेखीखालच्या औषधानं नुसत्या थेरपीपेक्षा, म्हणजे वागणूक बदलायच्या उपचारापेक्षा, जास्त फरक पडला, पण दोन्ही मिळून दिलं त्या मुलांना कमी डोस पुरला. त्यामुळं गोळी की थेरपी असं भांडण लावू नका. आणि एमआरआय काढून एडीएचडी दिसत नाही, रक्तातही नाही, बारा वर्षांच्या आत सुरू झालेली लक्षणं, कमीत कमी सहा महिने टिकलेली, घरी पण आणि शाळेत पण, असं सगळं विचारून निदान होतं. कुणी पंधरा मिनिटांत सांगितलं तर दुसऱ्याला दाखवा.

मुलींकडं बघा जरा. त्या पळत नाहीत, खिडकीतून बाहेर बघत बसतात, वह्या हरवतात, आणि वेंधळी म्हणून सोडून देतो आपण. माझ्याकडं एक आली तेव्हा नववीत होती, इतकी वर्षं तिला स्वतःला आळशी वाटत होतं. फार वाईट वाटतं मला अशा मुलींचं.

बरं, प्रत्येकाच्या हातात कागद आलाय का? काल संध्याकाळी तुम्ही मुलाला जे सांगितलं ते आठवून लिहा, जसं बोललात तसंच, शिव्यांसकट. मग त्यातलं एक काम ठेवा, बाकीचं खोडा. दादा, तुम्ही पण लिहा, त्यांच्याकडं कागद सरकवू नका.