कोकम सरबत प्यायले, तरी अंगावरचे पित्त का गेले नाही?

नमस्कार मंडळी. मे महिना सरत आला आहे, आमच्या अंगणात रातांब्यांच्या साली वाळत पडल्या आहेत आणि दर वर्षी याच दिवसांत येणारा प्रश्न यंदाही आला आहे. 'अंगावर पित्त उठले म्हणून दोन पेले कोकम सरबत प्यायले, तरी खाज जाईना. मग कोकमाचे एवढे कौतुक कशाला?' या आशयाच्या प्रतिक्रिया गेल्या आठवड्यात इतक्या आल्या की प्रत्येकाला निराळे उत्तर लिहिण्यापेक्षा एकदा समोर बसून बोलावे, असे ठरवले.

ओळख थोडक्यात उरकतो, कारण ती बहुतेकांना असतेच. रातांबा हे कोकमाचे फळ. मालवणपासून गोव्यापर्यंत त्याला भिरंड असेही म्हणतात. साल वाळवली की सोल, म्हणजेच आमसूल. रस मिठात टिकवला की आगळ, आणि साली साखरेत मुरवल्या की सरबताचा पाक. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आता मूळ मुद्द्याकडे वळतो.

पहिला घोटाळा 'पित्त' या शब्दाचाच आहे. छातीत जळजळते, आंबट ढेकर येतात, ते आम्लपित्त. अंगावर लाल गांधी उठून खाज सुटते, ते शीतपित्त. आपण दोन्हींना नुसते 'पित्त झाले' म्हणतो आणि दोन्हींवर कोकम शोधतो. कोकम मुळात आंबट असल्यामुळे काही जणांची छातीतली जळजळ त्याने कमी होण्याऐवजी वाढते. आज मी बोलणार आहे ते फक्त गांधींबद्दल.

दुसरा घोटाळा माझ्या विशेष रागाचा आहे. गांधींवर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात ते सोलाचे पाणी, म्हणजे कोळ. सरबत नव्हे. घरी अमृत कोकम करताना आम्ही एक किलो सालीला दोन किलो साखर घालतो. ते उन्हाळ्यात पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखे उत्तम पेय आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्याचा पेला भरून प्यायल्यावर पोटात प्रामुख्याने साखर गेलेली असते, आणि मधुमेह असलेल्या माणसाने ते औषध म्हणून दिवसातून तीनदा घेतले तर गांधींपेक्षा मोठे दुखणे तो ओढवून घेतो.

'मग बिनसाखरेचे आगळ चालेल ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आगळात साखर नसते हे खरे, पण आमच्या घरी एक किलो रसाला दीडशे ग्रॅम मीठ पडते. या हिशेबाने दोन मोठे चमचे, म्हणजे तीस मिलिलिटर आगळ घेतले तर सुमारे चार ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खाण्यास सांगते. ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी हा हिशेब स्वतःच करून पाहावा.

आता तीच गोष्ट त्वचेच्या बाजूने पाहा. एका प्रेक्षकाने लिहिले होते की त्याने सरबताचा पाक हातभर चोळला आणि तसाच आडवा झाला. खाज राहिली ती राहिलीच, वर मुंग्या लागल्या. मी हसलो, हे कबूल करतो, पण चूक त्याची एकट्याची नव्हती, कारण 'कोकम लावा' एवढेच सांगणारे आपल्यातलेच असतात. आगळ लावणाऱ्याचे हाल याहून वाईट, कारण खाजवून ओरखडे आलेल्या कातडीवर ते मीठ लागते आणि माणूस तोंडातल्या तोंडात काय म्हणतो, ते येथे सांगण्याजोगे नसते.

माझी आजी काय करायची, ते आता प्रत्यक्ष दाखवतो. हा काचेचा वाडगा आहे. स्टीलचा किंवा चिनी मातीचाही चालेल, पण कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे घेऊ नका, कारण आंबटाने ते कळकते. सात-आठ सोले आधी दोन पाण्यांतून धुऊन घेतली, कारण वाळवताना त्यांनाही मीठ लावलेले असते. नंतर वाटीभर साध्या पाण्यात अर्धा तास ठेवली. पाहा, कडक काळसर साल आता मऊ झाली आहे, बोटांनी चुरली की तिच्यातून गडद लाल धार सुटते आणि पाणी जांभळट होते. उकळण्याची गरज नाही. हे पाणी गाळून घ्यायचे, त्यात जुन्या सुती धोतराची पट्टी भिजवून गांधींवर ठेवायची आणि ती कोमट झाली की बदलायची. पांढरा सदरा मात्र आधी काढून ठेवा.

याने रोग बरा होतो, असा दावा मी करणार नाही. शीतपित्तातली एकेक गांध साधारणपणे चोवीस तासांच्या आत आपोआप मावळते, त्यामुळे त्या वेळी हातात जे असेल त्याला श्रेय मिळते, मग ते कोकम असो वा आणखी काही. ओल्या थंड पट्टीने खाज दबते, एवढे मी स्वतः अनुभवले आहे. त्यातला किती गुण पाण्याचा आणि किती सोलाचा, हे वेगळे काढणे घरगुती अनुभवाच्या आवाक्यातले नाही. काही जणांना तर थंडीनेच गांधी उठतात, त्यांनी गार पट्टीच्या वाटेला जाऊच नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका खानावळीत आम्ही चौघांनी बांगडा खाल्ला. अर्ध्या तासात चौघांचेही चेहरे लाल झाले, डोके ठणकू लागले, अंग खाजू लागले. मी घरी येऊन सवयीने सोले भिजत घातली, पण चौघांना एकाच वेळी पित्त कसे उठेल, हा विचार डॉक्टरांकडे गेल्यावरच सुचला. बांगडा, कुपा यांसारखे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्यात जिवाणू वाढून हिस्टामिन तयार होते, आणि अंगावरच्या पित्तातही त्वचेत हिस्टामिनच सुटत असल्यामुळे लक्षणे सारखी दिसतात. मासा तळला, उकळला किंवा नंतर गोठवला तरी ते हिस्टामिन जात नाही. तेव्हा 'तिरफळे आणि चार सोले जास्त टाकली की थोडा शिळा बांगडाही चालतो' हे आमच्याकडचे म्हणणे केवळ चवीपुरते खरे आहे.

ओठ, पापण्या किंवा जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर वाडगा जिथे आहे तिथे ठेवून थेट रुग्णालय गाठावे. अशा वेळी पट्ट्या बदलत बसणाऱ्यांनी माझे नाव सांगू नये. गांधी सहा आठवड्यांहून अधिक काळ पुन्हा पुन्हा उठत असतील, किंवा नवे औषध सुरू केल्यानंतर उठल्या असतील, तरीही डॉक्टरांना दाखवावे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत, ते आठवणीने सांगावे.

शेवटची विचारणा एका ताईंची आहे, की उरलेल्या कोळाचे काय करावे. ज्यात पट्टी बुडवली, तो ओतून टाका. निराळा काढून ठेवलेला असेल तर फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, पण आमच्या घरी तो तितका टिकत नाही, कारण दुपारच्या आमटीला आंबट हवेच असते.