सध्याच्या साहेबांना फोन कधी जावा?

पडद्यावर दिसतोय तो नोकरीच्या अर्जातला एक साधा रकाना. 'सध्याच्या कंपनीशी संपर्क साधला तर चालेल का?' इथे भलेभले अडखळतात. 'नाही' लिहावं तर काहीतरी लपवतोय असं वाटेल, 'हो' लिहावं तर उद्याच साहेब केबिनमध्ये बोलावतील.

खुशाल 'नाही' लिहा. नोकरीत असलेल्या उमेदवाराकडून भरती करणाऱ्यांना हेच अपेक्षित असतं. पुढे एवढंच जोडा: 'लेखी ऑफरनंतर, मला आधी कळवून संपर्क साधावा.'

मग तोवर तुमच्या कामाची खात्री देणारा रेफरन्स कुणाचा द्यायचा? आधीच्या नोकरीतल्या वरिष्ठांचा. किंवा तुमच्याबरोबर काम करून आता दुसरीकडे गेलेल्या टीम लीडचा. त्यांनी तुमचं काम पाहिलेलं असतं आणि सध्याच्या ऑफिसशी त्यांचं घेणंदेणं नसतं. ही पहिलीच नोकरी असेल, तर इंटर्नशिपमधले मार्गदर्शक किंवा प्राध्यापक चालतात. सध्याचा सहकारी मात्र शक्यतो नको. तो विश्वासू असेलही, पण आपलं गुपित त्याच्या गळ्यात कशाला बांधायचं?

ज्यांचं नाव देणार, त्यांना आधी फोन करा. पद कोणतं, काम काय, हे सांगून ठेवा. बेसावध माणूस 'हो, चांगलं काम करायचे' एवढंच बोलून फोन ठेवतो.

कधी कधी जुन्या कंपनीचा एचआर विभाग फक्त नोकरीच्या तारखा आणि हुद्दा कळवतो. त्यात आकस शोधू नका. 1994 साली ब्रिटनमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला, की निष्काळजीपणे लिहिलेल्या रेफरन्समुळे माणसाचं नुकसान झालं, तर कंपनीला जबाबदार धरता येतं. असा धोका असला, की मोजकं बोलणं कंपनीला सोयीचं वाटतं.

खरी मेख आहे ऑफर लेटरच्या शेवटच्या परिच्छेदात. 'ही ऑफर पडताळणी समाधानकारक झाल्यास लागू राहील.' म्हणजे ऑफर अजून कच्चीच आहे. ते न वाचता त्याच संध्याकाळी राजीनामा दिला आणि पुढे कंपनीने माघार घेतली, तर तेलही गेलं, तूपही गेलं अशी गत. म्हणून आधीच्या नोकऱ्यांची पडताळणी पूर्ण होऊ द्या. आता काय उरलंय, ते मेलवर विचारून घ्या. फक्त सध्याची कंपनी उरली असेल, तर पगार, पद आणि रुजू होण्याची तारीख पक्की आहे ना, एवढं पाहून साहेबांना स्वतः सांगा.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. पडताळणी पुष्कळदा बाहेरच्या एजन्सीकडे जाते. तिचं संमतीपत्र वेगळं असतं. अर्जातलं तुमचं 'नाही' तिच्यापर्यंत पोचलेलंच नसतं. त्यामुळे सही करण्याआधी त्या कागदावरही लिहा: 'सध्याच्या कंपनीशी माझ्या लेखी सूचनेनंतरच संपर्क साधावा.' आणि त्याची प्रत स्वतःकडे ठेवा.