मधल्या प्लेटमधून वाढायचं कोणी?

नमस्कार. आजचा विषय म्हणजे ती रेस्टॉरंटं जिथे छोट्या छोट्या प्लेट्स टेबलाच्या मधोमध येतात आणि सगळ्यांनी मिळून खायचं असतं. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेर, सगळीकडे झालीयेत आता. मी पुण्यात बरीच वर्षं फ्लोअरवर काम केलंय, आधी स्टुअर्ड म्हणजे वेटर म्हणून आणि मग वेटरांच्या वरची कॅप्टन म्हणून, त्यामुळे मी जे बोलणार आहे ते टेबलाशेजारी उभं राहून बघितलेलं आहे, आणि इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय की हे जेवण रंगतं का फसतं हे आचाऱ्यावर कमी आणि वाढण्यावर जास्त अवलंबून असतं.

वाढणं म्हणजे काय ते आपल्याला कोणी शिकवायला नको. पंगत आठवा, पहिलं मीठ येतं, मग लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, मुदीचा भात, त्यावर वरण आणि तूप, आणि वाढपी नुसता चालत नसतो, त्याची नजर पानांवर असते, कोणाची भाजी संपली, कोण हात आखडून बसलंय, कोणाला जिलबी हवीये पण संकोचतोय. आपल्या थाळीच्या ठिकाणी पण तेच, टिळक रोडला दुर्वांकुर घ्या किंवा डेक्कनला सुकांता घ्या, वाटी रिकामी झाली की कोणीतरी येऊन भरतंच. आणि नेहमीच्या हॉटेलात ज्याने जे मागवलं ते त्याच्यापुढे येतं, प्रश्नच मिटला.

छोट्या प्लेट्सच्या ठिकाणी काय होतं? वेटर प्लेट आणतो, मधे ठेवतो, पदार्थाचं नाव सांगतो आणि जातो. म्हणजे वाढायचं काम तो टेबलवर सोडून गेला, पण बसलेल्यांपैकी कोणाच्या हे लक्षातच येत नाही.

मग काय होतं ते सांगते. सहा जणांचं टेबल, ऑफिसचे लोक, कोलंबी येते आणि प्लेटमध्ये पाच नग. जो प्लेटच्या जवळ बसलाय तो एक घेतो, शेजारचा घेतो, मग जरा थांबतात सगळे, कोपऱ्यातला नवीन जॉइन झालेला मुलगा पाणी पितो, कोणीतरी म्हणतं घ्या ना घ्या ना, दोघं घेतात, आणि एक कोलंबी तशीच राहते. ती कोलंबी कोणी घेत नाही. शेवटचा घास आपण कसा उचलायचा असं सगळ्यांनाच वाटतं, हे पुण्यातच होतं असं नाही बरं का, स्पेनमध्ये तर त्या उरलेल्या तुकड्याला सरळ लाजेचा तुकडा म्हणतात. पण कॅप्टन म्हणून मला दिसायचं की ती गार होतीये, वरचं बटर थिजून पांढरं झालंय, मला प्लेट उचलता येत नाही कारण त्यात जिन्नस आहे, आणि पाठीमागे पासवर, म्हणजे किचनमधून तयार प्लेट बाहेर येतात त्या काउंटरवर, पुढच्या दोन प्लेट तयार होऊन थांबल्यात ज्यांना टेबलवर जागाच नाहीये. आणि तो कोपऱ्यातला मुलगा घरी जाऊन मॅगी करून खाणार हे मला तिथेच कळायचं. मला त्याचं फार वाईट वाटायचं, अजूनही वाटतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं, टेबलवर एकाने वाढपी व्हायचं. ज्याने बोलावलंय त्याने, किंवा वयाने मोठं जे असेल त्यांनी, किंवा ज्याला खाण्याची खरी आवड आहे त्याने. प्लेट आली की मोजायची, माणसं जास्त आणि नग कमी असतील तर लगेच सुरी घेऊन अर्धे करायचे, आणि स्वतःच्या आधी लांबच्या माणसाला वाढायचं. आग्रह करत बसायचं नाही, थेट वाढायचं. आग्रहात नाही म्हणायला जागा असते, ताटात पडलं की माणूस खातो.

आणि ज्या ज्या देशात असं मधे ठेवून खातात ना, तिथे वाढण्याची काहीतरी रीत आहेच. हाँगकाँगला डिमसम, म्हणजे टोपल्यांतून येणारे छोटे वाफवलेले पदार्थ, खातात तेव्हा चहा आधी दुसऱ्याच्या कपात ओततात आणि मग आपल्या, आणि ज्याच्या कपात ओतला तो दोन बोटं टेबलवर हलकी टकटक करून आभार मानतो, बोलणं पण थांबवायला लागत नाही. तिथेच २००३ साली सार्सची साथ आली, त्यानंतर मधल्या प्लेटसाठी वेगळ्या चॉपस्टिक्स ठेवायचा आग्रह वाढला, म्हणजे आपण उष्टं नको म्हणून वेगळा डाव ठेवतो तेच. इथिओपियात एकाच मोठ्या इंजेरावर सगळं वाढलेलं असतं, आंबवलेल्या पिठाची मऊ पोळी असते ती, आणि प्रेमाच्या माणसाला आपल्या हाताने घास भरवायची पद्धत आहे. कोरियात पण मोठ्यांचा पेला रिकामा दिसला की लहानाने भरायचा. आपण अशा देशांतून हमस आणलं, बाओ म्हणजे वाफवलेले पाव आणले, टापास हा छोट्या प्लेट्सचा स्पॅनिश शब्द पण मेन्यूवर आणला, पण वाढायची रीत तेवढी तिकडेच राहिली. आणि आपली स्वतःची होती ती घरी ठेवून गेलो.

आता ऑर्डरचं. आपल्याकडे सवय अशी की बसलं की मेन्यू हातात घ्यायचा, सगळं एकदम सांगायचं आणि मेन्यू परत द्यायचा. इथे तसं अजिबात करू नका. अशा किचनमध्ये बहुतेक वेळा जे तयार होईल ते बाहेर येतं, स्टार्टर मग मेन असा क्रम नसतो. तुम्ही आठ आयटम एका केओटीत, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीत, टाकले की गार पदार्थ लगेच येतात, मागोमाग फ्रायरमधलं येतं, आणि ग्रिलचं येईपर्यंत टेबल भरून गेलेलं असतं, कुरकुरीत होतं ते मऊ पडलेलं असतं. लेबनॉनमध्ये बघा, आधी गार मेझे, म्हणजे तिथल्या छोट्या प्लेट्स, मग गरम, आणि भाजलेलं मांस शेवटी, आणि मधे भरपूर वेळ. इस्तंबूलला मेहाने म्हणजे दारू आणि खाणं मिळणारी ठिकाणं असतात, तिथे गार पदार्थांचा ट्रेच टेबलपाशी आणतात, बोट दाखवायचं, ते खाऊन होईपर्यंत पुढचं कोणी सांगत नाही. उत्तर स्पेनमध्ये सान सेबास्तियनला तर लोक एका बारमध्ये उभ्याने एखादा पिंचो, म्हणजे एक-दोन घासांचा पदार्थ, खातात आणि पुढच्या बारमध्ये जातात. तेव्हा दोन नाहीतर तीन आयटम सांगा, मेन्यू जवळ ठेवा, कॅप्टनला सांगा की आम्ही थोडं थोडं देणार आहोत. चांगला कॅप्टन खूश होतो याने, कारण त्याच्या किचनवरचा लोड कमी होतो, आणि तुम्हाला जे आवडलं ते परत मागवता येतं.

पुढचा मुद्दा थोडा नाजूक आहे पण पुण्यात बोलायलाच हवा. टेबलवर कोणी शाकाहारी असतं, कोणी जैन असतं, कोणाचा श्रावण असतो, कोणाची चतुर्थी. शेअरिंगच्या टेबलवर यांची सगळ्यात जास्त पंचाईत. चार व्हेज प्लेट आल्या तर त्या सगळेच खातात, चार नॉनव्हेज आल्या त्या यांना चालत नाहीत, आणि शेवटी बिल सहा भागात, यूपीआयवर मेसेज, प्रत्येकी एवढे एवढे. म्हणजे एक प्लेट मशरूम आणि जरासं हमस खाल्लेल्या मुलीने कोलंबीचे आणि मटणाचे पैसे भरायचे, आणि ती बिचारी काही बोलत नाही कारण पैशावरून बोललं तर वाईट दिसतं. हे मला अजिबात पटत नाही. व्हेज प्लेट आधी त्यांच्यापाशी जाऊ द्या, दोन मागवा हवं तर, डाव वेगळा मागा कारण चिकनचा चमचा पनीरमध्ये गेला की त्यांचं जेवण तिथेच संपलं, आणि बिलाचं तुम्ही स्वतः बोला, त्यांच्यावर सोडू नका.

सर्व्हिस चार्जचं पण विचारतात लोक. जुलै २०२२ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलंय की हॉटेलने तो आपोआप बिलात लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम ठेवलं. तेव्हा काढायला सांगायचा हक्क तुमचा आहे. फक्त एवढं बघा की या प्रकारात वेटर तुमच्या टेबलवर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो, दर थोड्या वेळाने ताटल्या बदलतो, तर चार्ज काढलात तरी त्याच्या हातात काहीतरी ठेवा.

आणि आज इथे हॉटेलवाले पण बसलेत, त्यांना माझी अगदी मनापासून विनंती आहे. मेन्यूवर पदार्थाच्या पुढे किती नग आहेत ते छापा. डिमसमच्या टोपलीत तीन नाहीतर चार असतात हे तिथल्या लोकांना माहीत असतं, ते तसं मागवतात, आपल्याकडे गिऱ्हाइकाला प्लेट येईपर्यंत काही कळत नाही. आणि टेबलवर पाच माणसं असतील आणि प्लेटमध्ये चार बाओ बसत असतील तर कॅप्टनला अधिकार द्या पाचवा लावायचा, पैसे घ्या की त्याचे, कोणी नाही म्हणणार नाही. केओटीवर माणसांचा आकडा तसाही लिहिलेला असतो, किचनने फक्त तो वाचायचाय.