इनलेटवर काय सोडायचं?

मित्रांनो, संगणकावर हवेच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करायचं म्हणजे वाहती हवा कुठेतरी कापावीच लागते. विमानाच्या पंखाभोवतीचा तेवढा तुकडा आपण गणितात घेतो, आणि त्याच्या आधी जे घडून गेलं ते बाहेर राहतं. मग कापलेल्या कडेवर, म्हणजे इनलेटवर, दर क्षणाला प्रत्येक बिंदूचा वेग किती, हे आपल्यालाच सांगावं लागतं. सरासरीवर चालणाऱ्या मॉडेलला सरासरी वेग आणि टर्ब्युलन्सचे, म्हणजे प्रवाहातल्या भोवऱ्यांच्या खळबळीचे, एकदोन आकडे पुरतात. मोठे भोवरे थेट गणितात घेणाऱ्या लार्ज एडी सिम्युलेशनला मात्र खरेखुरे भोवरे द्यावे लागतात.

सगळ्यांना आधी सुचतं ते हे: सरासरी वेगात रँडम आकडे मिसळायचे. चढउताराची तीव्रता अगदी बरोबर येते, तरी दहापाच सेल, म्हणजे गणिताच्या जाळीतले (ग्रिडमधले) घर, पुढे गेलं की प्रवाह जवळजवळ शांत झालेला दिसतो. का? शेजारच्या दोन बिंदूंचा एकमेकांशी काही संबंधच नसतो. खऱ्या टर्ब्युलन्सची बहुतेक ऊर्जा मोठ्या भोवऱ्यांत असते. इथे ती सगळ्या मापांत सारखी वाटली जाते, आणि बारीक मापातली ऊर्जा चिकटपणा लगेच गिळून टाकतो.

म्हणून २००३ मध्ये क्लाइन, सादिकी आणि यानिका यांनी डिजिटल फिल्टर आणला. आकडे रँडमच, पण शेजाऱ्यांशी ठरावीक वजनाने मिसळलेले, म्हणजे भोवऱ्याला लांबी येते. २००६ मध्ये जारँ आणि सहकाऱ्यांनी इनलेटभोवतीच्या एका पेटीत कृत्रिम भोवरेच सोडले. दोन्ही पद्धती मला आवडतात. इमारतीवरचा वारा अभ्यासताना मी याच घेईन. पण भिंतीलगतच्या, म्हणजे हवा ज्या पृष्ठभागाला लागून वाहते त्याच्याजवळच्या, मंद-जलद वेगाच्या लांबट पट्ट्या त्यांतून आयत्या मिळत नाहीत, त्या प्रवाहाला स्वतः घडवाव्या लागतात. भिंतीवरच्या घर्षणाचा आलेख काढून बघा: इनलेटनंतर तो खाली बसतो आणि बाउंड्री लेयरच्या, म्हणजे भिंतीमुळे मंदावलेल्या हवेच्या थराच्या, जाडीच्या कितीतरी पट अंतर गेल्यावर सावरतो. तेवढी ग्रिड केवळ वाट पाहण्यात खर्च होते.

सपाट पृष्ठभागासाठी माझी पसंती लुंड, वू आणि स्क्वायर्स यांच्या १९९८ च्या पद्धतीला. पुढच्या एका छेदातला वेग उचलायचा आणि इनलेटवर परत सोडायचा. सौंदर्य आहे ते मधल्या पायरीत. बाउंड्री लेयर पुढे जाडावत जाते, त्यामुळे उचललेला वेग जसाच्या तसा चालत नाही. भिंतीजवळचा भाग घर्षणवेगावरून (भिंतीवरच्या घर्षणातून काढलेल्या वेगावरून) मिळणाऱ्या मापाने आणि बाहेरचा भाग लेयरच्या जाडीने, असा वेगवेगळा आखडून मग दोन्ही सांधतात. प्रवाह स्वतःचेच भोवरे स्वतःला पुरवतो!

यातही धोका आहे. छेद फार जवळ घेतला तर तेच भोवरे फिरून फिरून येतात आणि प्रवाहात नसलेली एक लय तयार होते. ती पकडता येते. छेदापर्यंतचं अंतर भोवऱ्यांच्या वाहण्याच्या वेगाने भागा, तो झाला एका फेरीचा काळ. त्याच्या व्यस्ताइतक्या वारंवारितेवर स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या वारंवारितेला किती ऊर्जा आहे त्या आलेखात, टोक दिसलं, तर छेद आणखी पुढे न्या आणि रन पुन्हा लावा.