द्राक्षबागेच्या मातीतले कोळी: किती, त्यापेक्षा कोणते?

मंडळी, कोळी (जाळं विणणारा नव्हे, बारीक माइट) म्हटलं की तुम्हाला पानामागचा लाल कोळी आठवतो आणि लगेच फवारणीचा विषय निघतो. आज मात्र मी त्याच्या भावकीविषयी बोलणार आहे. ही मंडळी वेलीखालच्या मातीत राहतात. बहुतेकांचा आकार मिलिमीटरभरही नसतो, आणि पानाशी त्यांचं काही घेणंदेणं नसतं.

ते किती आणि कोणते आहेत, यावरून मातीची तब्येत कळते. मोजणीसाठी त्यांना मातीतून बाहेर काढायची युक्ती जुनी आहे. इटलीच्या बर्लेझे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्यावर चालणारं नरसाळं केलं, पुढे स्वीडनच्या टुलग्रेन यांनी त्यावर बल्ब लावला. चाळणीवर माती, वर बल्ब, खाली अल्कोहोलची बाटली. माती वरून सुकत जाते तसे कोळी ओलाव्यामागे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. इथे घाई नडते. मोठा बल्ब लावून माती एका दिवसात कोरडी केली, तर चपळ शिकारी कोळी तेवढे खाली पोचतात. संथ चालीचे वाटेतच सुकून मरतात, आणि आपण वहीत लिहितो, ‘आढळले नाहीत’. म्हणून बल्ब मंद ठेवा आणि पाच-सात दिवस धीर धरा.

हे संथ म्हणजे ओरिबॅटिड. सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी, चकचकीत कवच दिसतं. यातल्या काही जाती धक्का लागला की आठही पाय आत ओढून झाकण लावून घेतात. मग कोळी कुठला आणि वाळूचा कण कुठला, हे सरावलेल्या डोळ्यालाही पटकन कळत नाही. कुजकी पानं आणि बुरशी हा यांचा आहार. अंडी थोडी, वाढ सावकाश, पूर्ण वाढायला अनेकांना कित्येक महिने लागतात. त्यामुळे एकदा उखडले गेले की लवकर परतत नाहीत. माती किती काळ निवांत राहिली, याची याहून बोलकी खूण मला तरी माहीत नाही.

म्हणूनच नुसत्या आकड्यावर माझा विश्वास नाही. ताजं शेणखत पडलं की भराभर वाढणाऱ्या दोन-चार जातींची गर्दी होते, आकडा फुगतो, विविधता तिथंच राहते. जाती वेगळ्या करणं किचकट आहे, पण त्याशिवाय सर्वेक्षणाला अर्थ नाही. शिकारी गटाकडे तर नीट बघा. फुलकिडे कोष अवस्थेत पानावरून मातीत किंवा पाचोळ्यात उतरतात, आणि तिथे काही शिकारी कोळी त्यांना खातात. फुलकिड्यांवर तुमचा किती खर्च होतो, ते मी सांगायला नको.

नमुने एकाच जागचे नकोत. बोदावरचा, म्हणजे वेलीच्या ओळीतल्या उंचवट्यावरचा, वेगळा, ट्रॅक्टरच्या चाकोरीतला वेगळा. कोळ्याला बीळ खणता येत नाही, आहे त्या पोकळीतच तो राहतो. चाकाखाली माती दबली की त्याचं घरच जातं. आणि एक नमुना बांधावरच्या जुन्या झाडाखालचा घ्याच, तुलनेसाठी. वर्षानुवर्षं फवारलेल्या बोर्डोतलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणातलं) तांबं वरच्या थरातच साचतं आणि कोळीही मुख्यतः तिथेच असतात, तेव्हा वरच्या पाच सेंटिमीटरची माती घ्या, दरवेळी तेवढीच. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतरचा नमुना पावसाळ्यातल्या नमुन्याशी ताडू नका.

पिशवीवर जागा आणि तारीख लिहा, माती दाबून भरू नका. आणि ती गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. प्रयोगशाळेत पोचेपर्यंत आतले कोळी जिवंत असायला हवेत, मेलेला कोळी नरसाळ्यातून खाली उतरत नाही.