आपल्याच गावात रिसर्च करताना

(नाशिकमध्ये एम.ए. आणि एमएसडब्ल्यूच्या मुलामुलींसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं नीट करून)

तुमच्यातले बरेच जण निफाड, दिंडोरी, पेठ, सुरगाण्याकडचे आहात आणि प्रोजेक्टसाठी स्वतःचंच गाव घेताय, मला ते मनापासून आवडतं. बाहेरच्याला जे कळायला वर्ष जाईल ते तुम्हाला लहानपणापासून माहितीये. पण गाव तुमच्याशी बोलतं ते अमक्याची पोरगी म्हणून. मावशी चहा टाकता टाकता सोसायटीचं कर्ज थकलंय, पोराचं लग्न जमत नाहीये, सगळं सांगून मोकळी होते, तिने ते भाचीला सांगितलेलं असतं, थिसिसला नाही. लिहायचं असेल तर दुसऱ्या दिवशी वही घेऊन परत जा आणि विचारा, मावशी, काल बोललीस त्यातलं काय लिहू, काय नको? लग्नात, दहाव्याला, पारावर कानावर पडलेलं तर डेटा म्हणून धरूच नका.

नाव बदललं की झालं, असं बरेच जण समजतात. मोठ्या शहरात चालेलही. पण हजारभर वस्तीच्या गावात तुम्ही लिहिलं की एक विधवा बाई, दोन एकर द्राक्षबाग, व्यापाऱ्याने पैसे बुडवले, की सगळ्यांना कळलंच कोण ते. नॅन्सी शेपर-ह्यूज या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७०च्या दशकात आयर्लंडच्या एका खेड्यात राहून कुटुंबं आणि मानसिक आजार यावर काम केलं, १९७९ला पुस्तक आलं, गावाचं नाव बदललेलं, माणसांची पण, तरी गावाने स्वतःला ओळखलं आणि लोक दुखावले. १९९९मध्ये त्या परत गेल्या तर गावाने त्यांना निघून जायला सांगितलं. त्या गेल्या. तुम्ही कुठं जाणार? तुमची आई उद्या त्याच गिरणीत दळण घेऊन जाणारे.

म्हणून लिहिलेलं आधी त्या माणसाला वाचून दाखवा, आणि तो म्हणाला हे काढ, तर काढा, भले तुमचा सगळ्यात भारी चॅप्टर गेला तरी. हे मी फार आग्रहाने सांगतेय.

आता एक गोष्ट, जिच्यावर कमी बोललं जातं. "आपलं गाव" म्हणताना ते कुणाचं? द्राक्षाच्या सीझनला सुरगाणा, पेठकडून मजूर कुटुंबं येतात, छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), विरळणी करतात. तुमच्या काकांची बाग असेल तर त्या मजुरांसाठी तुम्ही मालकाच्या घरचे. उचल किती घेतली, मजुरी किती सुटली, हे तुम्ही काकांच्या खळ्यावर बसून विचारलं तर मजूर बाई नाही कशी म्हणेल? बोलेल, पण मालकाला चालेल तेवढंच. अशा वेळी स्वतःच्या घरच्या बागेतले मजूर घेऊच नका, दुसऱ्या गावात जा, आणि जमलं तर त्यांच्याच पाड्यावरची एखादी विद्यार्थिनी हे काम करू दे, तिला सोबत करा.

संमतीच्या कागदावरच्या सहीचंही तसंच. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या २०१७च्या गाइडलाइन्समध्ये लिहिलंय की सहभागी माणूस कधीही माघार घेऊ शकतो. पण आपल्याकडे कागदावर सही, अंगठा म्हटलं की लोकांना आधी कर्ज आठवतं. त्यामुळे तुमच्या एथिक्स कमिटीशी बोलून तोंडी संमतीची सोय करून घ्या, सोप्या मराठीत सांगा, आणि एक-दोन दिवस मध्ये जाऊ द्या. समोरासमोर नाही म्हणणं गावात अवघड असतं, "बघू नंतर" असं दोनदा आलं की तो नकारच समजा, तिसऱ्यांदा जाऊ नका.

आणि फोन. रेकॉर्डिंग त्याच दिवशी मोबाईलमधून काढून पासवर्ड लावून ठेवा, कारण तोच मोबाईल रात्री पुतण्याच्या हातात गेमसाठी जातो आणि शेजारच्या काकूंचं बोलणं घरभर वाजायला एक बटण पुरतं.